टोरांटोचे मोफत नॅलॉक्सोन किट आणि शहराचे ओव्हरडोस माहितीचे पान : एक परीक्षण

हेरॉइन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन यांसारख्या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या, पदार्थांच्या अतिमात्रेने (ओव्हरडोसने) होणारे मृत्यू टाळण्यासाठी कॅनडातल्या टोरांटो शहरात सामान्य नागरिकाला दोन गोष्टी उपलब्ध आहेत. पहिली म्हणजे अशा अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलॉक्सोन या औषधाचे किट. ओंटारिओ प्रांताचे सरकार जून 2016 पासून ते औषधांच्या दुकानांतून मोफत देत आहे. दुसरी म्हणजे शहराच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने, म्हणजे टोरांटो पब्लिक हेल्थने, चालवलेली ‘टोरांटो ओव्हरडोस इन्फर्मेशन सिस्टीम’. शहरात ओव्हरडोसचे किती प्रसंग घडले, कोठे घडले आणि त्यांत किती माणसे दगावली, याची आकडेवारी या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी एका निवासी इमारतीच्या व्यवस्थापनात काम करतो, त्यामुळे या दोन्ही सेवांशी माझा नेहमीचा संबंध आहे. किट प्रत्यक्ष कोणावर वापरण्याची वेळ सुदैवाने माझ्यावर आलेली नाही. म्हणून हे परीक्षण औषधाच्या गुणाचे नाही, त्याची खात्री वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच दिलेली आहे. हे औषध नागरिकाच्या हाती कसे पोचते आणि त्याचा हिशेब शहर कसा ठेवते, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. किट उत्तम आहे. ते मिळण्याची पद्धत दुकानागणिक बदलणारी आणि म्हणून बेभरवशाची आहे. माहितीचे पान प्रामाणिक आहे, पण त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत उशिरा येतो. आणि या दोन सेवांचा एकमेकींशी जसा मेळ असायला हवा तसा तो नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

किटपासून सुरुवात करू. ते दोन प्रकारांत मिळते: नाकात फवारण्याचे आणि इंजेक्शनचे. नाकाच्या स्प्रेचे किट औषधांच्या दुकानांतून मार्च 2018 पासून मिळू लागले आणि आता बहुतेक लोक तेच नेतात. चष्म्याच्या डबीपेक्षा जराशी रुंद, चेन असलेली कडक डबी असते. आत 4 मिलिग्रॅमच्या एकेका मात्रेचे दोन स्प्रे असतात, तोंडाने श्वास देताना मध्ये ठेवायचा एक पातळ पडदा असतो, लॅटेक्स नसलेले हातमोजे असतात, किट जवळ बाळगणाऱ्यासाठी एक ओळखपत्रिका असते आणि इंग्रजी व फ्रेंचमधले सूचनापत्रक असते. इंजेक्शनच्या किटमध्ये स्प्रेऐवजी 0.4 मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, सुई आपोआप झाकली जाईल अशा दोन सिरिंजा आणि काचेची कुपी बोट न कापता फोडण्यासाठी छोटी साधने असतात.

स्प्रेची रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे तो हातात धरल्याबरोबर समजते. मागचे पातळ आवरण सोलून काढायचे, अंगठा खालच्या दट्ट्यावर ठेवायचा, तर्जनी आणि मधले बोट नळीच्या दोन बाजूंना ठेवायचे. समोरच्या माणसाला उताणे करून, त्याची मान मागे कलवून, आपली बोटे त्याच्या नाकाला टेकेपर्यंत नळी एका नाकपुडीत सरकवायची आणि दट्टा एकदाच जोरात दाबायचा. एका स्प्रेत एकच मात्रा असते. त्यामुळे ‘आधी हवेत दाबून पाहू, चालतो का’ असे केले तर मात्रा तिथेच वाया जाते. आमच्या इमारतीतल्या सुरक्षारक्षकांना हे दाखवताना असे आढळले, की दम्याचा पंप वापरणाऱ्यांचा हात आपोआप आधी हवेत दाबण्याकडे जातो. पत्रकात ही सूचना आहे, पण ती इतर ओळींसारख्याच ओळीत आहे. ती लाल रंगात हवी होती.

औषधाचे काम थोडक्यात असे. ओपिऑइड मेंदूतल्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून श्वास मंदावतात, त्याच ग्राहींवरून नॅलॉक्सोन त्यांना हुसकावून लावते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होऊ लागतो. हा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, मात्र शरीरात गेलेले ओपिऑइड त्याहून अधिक काळ टिकू शकते. म्हणून औषध देऊन माणूस उठून बसला तरी 911 ला, म्हणजे आपत्कालीन सेवेला, फोन करणे आणि त्याच्याजवळ थांबणे आवश्यकच असते. ज्याने ओपिऑइड घेतलेलेच नाही अशा बेशुद्ध माणसाला चुकून दिले तर त्याला काही अपाय होत नाही. या एका गुणामुळेच ते सामान्य माणसाच्या हाती देता येते. महाराष्ट्रात आपल्यापैकी बहुतेकांना हे औषध ठाऊक असले तर ते भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधले औषध म्हणूनच. कॅनडाच्या केंद्रीय आरोग्य खात्याने मार्च 2016 मध्ये त्यावरची डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट काढून टाकली आणि पुढचा सगळा विस्तार त्यामुळेच शक्य झाला. टोरांटोत मात्र शहराचा ‘द वर्क्स’ हा उपक्रम त्याआधीपासून, 2011 पासूनच, व्यसनी माणसांना आणि त्यांच्या सोबत्यांना शिकवून हे औषध हाती देत होता, हे नमूद करायला हवे. श्रेय बहुधा प्रांताला दिले जाते, पण वाट त्या उपक्रमाने पाडली.

स्प्रे घ्यावा की इंजेक्शन, हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो, पण तो विचारण्यासारखा आहे. नाकातून दिलेल्या 4 मिलिग्रॅमपैकी जेवढे औषध रक्तात पोचते, ते एका कुपीतल्या 0.4 मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त असते. परिणामी माणूस शुद्धीवर येतो, पण शरीरातल्या ओपिऑइडचा परिणाम एकाएकी तुटल्यामुळे त्याला उलट्या, घाम, थरथर आणि संताप या सगळ्याला एकाच वेळी तोंड द्यावे लागते. रस्त्यावर काम करणारे अनुभवी कार्यकर्ते म्हणूनच इंजेक्शन पसंत करतात: थोडे द्यायचे, श्वास पाहायचा, गरज पडली तर पुन्हा द्यायचे. ज्याने आयुष्यात सुई टोचलेली नाही अशा माणसाने मात्र स्प्रेच घ्यावा. घाबरलेल्या हातांनी काचेची कुपी फोडणे सोपे नाही.

किटविषयी माझा एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो सूचनापत्रकाविषयी आहे. पत्रकात पाच पायऱ्या आहेत: हाक मारा आणि हलवून पाहा, 911 ला फोन करा, नॅलॉक्सोन द्या, श्वास किंवा छातीवर दाब द्या, आणि परिणाम होतो आहे का ते पाहून दोन-तीन मिनिटांनी गरज असेल तर पुढची मात्रा द्या. क्रम योग्य आहे. पण माझ्या हाती आलेल्या पत्रकाचा सगळा भर माणूस शुद्धीवर येतो की नाही यावर आहे, आणि आजच्या टोरांटोत हा निकष फसवा ठरू शकतो. येथे बेकायदा विकल्या जाणाऱ्या फेंटानिलमध्ये बेन्झोडायझेपाइन गटातली, झोप आणणारी औषधे आणि मेडेटोमिडिनसारखी, मुळात जनावरांना गुंगी देण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये मिसळलेली आढळतात. या द्रव्यांवर नॅलॉक्सोनचा काहीही परिणाम होत नाही. अशा वेळी पहिल्या मात्रेने श्वास सुरळीत होतो, ओठांचा निळेपणा जातो, पण माणूस गाढ गुंगीतच राहतो. पत्रक वाचून वागणारा माणूस मग दुसरी मात्राही लगेच संपवतो आणि औषध चालले नाही असे समजून घाबरतो. प्रत्यक्षात औषधाने आपले काम केलेले असते. श्वास चालू आहे का, हे पाहायचे असते. तो चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवून रुग्णवाहिकेची वाट पाहायची, आणि चालू नसेल तर श्वास देत राहायचे. हे दोन वाक्यांत लिहिता आले असते.

ही मिश्रणे कळतात ती ‘टोरांटोज् ड्रग चेकिंग सर्व्हिस’ या सेवेमुळे. ऑक्टोबर 2019 पासून ती चालू आहे आणि लोकांनी स्वतःहून आणून दिलेल्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध करते. या परीक्षणाच्या कक्षेत ती येत नाही. पण ज्याला शहराचे माहितीचे पान वाचायचे आहे त्याने या सेवेचे अहवाल शेजारी उघडे ठेवावेत, एवढे सांगतो. शहराचे पान काय घडले ते सांगते. ते का घडले असावे याचा धागा बहुतेक वेळा या अहवालांत सापडतो.

आता किट मिळवण्याविषयी. नियमांनुसार ही गोष्ट अतिशय सोपी आहे. जो स्वतः ओपिऑइड घेतो किंवा पूर्वी घेत होता, त्याचे नातेवाईक आणि मित्र, तसेच अशा माणसाच्या मदतीला येऊ शकेल अशी कोणीही व्यक्ती किटला पात्र आहे. प्रांताचे आरोग्य कार्ड दाखवावे लागत नाही. पैसे लागत नाहीत. कोणत्या दुकानात किट मिळेल याचा शोध प्रांताच्या संकेतस्थळावर घेता येतो. आरोग्य कार्डाची अट नसणे ही बाब आपल्या लोकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून येथे शिकायला येणाऱ्या मुलांना प्रांताचा आरोग्य विमा मिळत नाही. ती महाविद्यालयाने काढलेल्या वेगळ्या विम्यावर असतात आणि ‘सरकारी आरोग्यसेवा आपल्यासाठी नाही’ असे गृहीत धरून चालतात. हे किट त्यांच्यासाठीही आहे.

दुकानातला अनुभव मात्र नियमांइतका सरळ नाही. या योजनेत सहभागी होणे औषध दुकानांवर बंधनकारक नाही, आणि सहभागी दुकानांतही फार फरक असतो. मी राहतो त्या स्कारबरो भागात एका दुकानात फार्मासिस्ट बाईंनी काउंटरच्या बाजूच्या छोट्या खोलीत बसवून, नमुन्याचा स्प्रे हातात देऊन सगळे शांतपणे समजावले आणि शेवटी ‘आता तुम्ही मला दाखवा’ असे म्हणून माझ्याकडून करवून घेतले. प्रशिक्षण असे असावे. दुसऱ्या एका दुकानात, ज्याचे नाव सहभागी दुकानांच्या यादीत होते, काउंटरवरच्या तरुणाने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘हे कोणासाठी हवे आहे?’ असे विचारले, आणि मग किट शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले. माझ्यासारख्या केस पांढरे झालेल्या माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण ज्याला खरोखर गरज आहे असा माणूस त्या प्रश्नानंतर पुढच्या आठवड्यात येईल, हे मला शक्य वाटत नाही. यादीत नाव असणे आणि कपाटात किट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक संकेतस्थळावर कळत नाही. म्हणून जाण्यापूर्वी फोन करावा.

संकोच केवळ काउंटरच्या पलीकडच्या बाजूला असतो असेही नाही. आमच्या तळघरात भाड्याने राहणाऱ्या सांगलीच्या विद्यार्थ्याला मी एक किट आणून ठेवायला सुचवले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, घरी व्हिडिओ कॉल चालू असताना आईला मागे हे दिसलं तर ती काय समजेल?’’ मी म्हटले, ‘‘अरे, तिला सांग, अग्निशामक सिलिंडर ठेवला म्हणून कोणी घराला आग लावत नाही.’’ त्याने ते आणले. कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवले आहे, ते ठीक आहे. पण खोलीतल्या बाकी दोघांना ते कोठे आहे हे त्याने सांगितलेले नव्हते, आणि ते मला त्याच्याकडून करवून घ्यावे लागले.

याच संदर्भात कायद्याचे एक अंग सांगायला हवे, कारण फोन करायला लोक घाबरतात ते पोलिसांमुळे. कॅनडात मे 2017 पासून लागू असलेल्या ‘गुड समॅरिटन ड्रग ओव्हरडोस अॅक्ट’नुसार, ओव्हरडोसच्या प्रसंगी मदत मागणाऱ्याला आणि घटनास्थळी हजर असलेल्यांना केवळ स्वतःजवळ अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपापासून संरक्षण मिळते. विक्रीच्या किंवा इतर गुन्ह्यांना हे संरक्षण नाही. कामाच्या ठिकाणांसाठीही 1 जून 2023 पासून ओंटारिओत नियम आहे: जेथे कर्मचाऱ्याला ओव्हरडोसचा धोका आहे हे मालकाला ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवे, तेथे किट आणि ते वापरता येणारा प्रशिक्षित माणूस असला पाहिजे. हा नियम कागदावरचा वाटत असेल तर एक आकडा पाहावा. 2018 ते 2020 या काळात ओंटारिओत ओपिऑइडमुळे मरण पावलेल्यांत जवळपास तेरापैकी एक जण बांधकामावर काम करणारा होता. दुखणारी पाठ घेऊन कामावर जाणारा माणूस, हे त्यातल्या अनेकांचे चित्र आहे. सुईचे व्यसन असलेला आणि रस्त्यावर पडलेला इसम, हे आपल्या डोळ्यांपुढचे चित्र त्याला लागू पडत नाही.

आता माहितीच्या पानाकडे वळू. त्यात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एकत्र ठेवलेली आहे, आणि प्रत्येक माहितीचा वेग वेगळा आहे. हे ध्यानात न घेता पान वाचले तर फसगत होते. टोरांटोच्या रुग्णवाहिका सेवेला आलेल्या संशयित ओपिऑइड ओव्हरडोसच्या कॉलची संख्या सर्वांत ताजी असते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. त्यात ‘संशयित’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पॅरामेडिकने जागेवर पाहिलेल्या लक्षणांवरून ती नोंद झालेली असते. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदी त्याहून उशिरा येतात. मृत्यूचा आकडा प्रांताच्या मुख्य कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून येतो, आणि रक्तातल्या द्रव्यांची तपासणी व चौकशी पूर्ण होईपर्यंत महिने जात असल्याने तो सर्वांत शेवटी येतो. अलीकडच्या काळातले मृत्यू ‘संभाव्य’ आणि ‘निश्चित’ अशा दोन वर्गांत दाखवलेले असतात, आणि जुने आकडेही नंतर बदलतात. वर्तमानपत्रात ‘टोरांटोत मृत्यू घटले’ अशी बातमी आली की मी प्रथम त्यातले किती आकडे निश्चित आहेत ते पाहतो.

एवढी काळजी घेऊनही जे दिसते ते भयंकर आहे. 2015 मध्ये शहरात ओपिऑइडच्या विषबाधेने 137 माणसे दगावली. 2017 मध्ये हा आकडा तीनशेच्या पुढे गेला आणि कोविडच्या काळात, 2021 मध्ये, सहाशेच्या आसपास पोचला. त्यानंतर तो खाली येऊ लागला. संपूर्ण ओंटारिओत 2023 मध्ये सुमारे 2,600 मृत्यू झाले होते, ते 2024 मध्ये सुमारे 2,200 पर्यंत उतरले, आणि टोरांटोतही त्या वर्षी लक्षणीय घट झाली. नॅलॉक्सोनच्या प्रसाराने ही घट झाली, बाजारातल्या विषाचे मिश्रण बदलल्याने झाली, की धोक्यात असलेली बरीच माणसे आधीच मरून गेली म्हणून झाली, याचे उत्तर या पानावर नाही. तसे उत्तर आहे असा आवही पान आणत नाही, आणि या संयमाबद्दल मी त्याला गुण देतो.

नकाशा मात्र फार सावधपणे वाचावा लागतो. डाउनटाउनचा पूर्व भाग, मॉस पार्क आणि भोवतालचे रस्ते त्यावर गडद दिसतात, आणि ते पाहून एखाद्याला वाटेल की हा प्रश्न त्या चार-दोन चौकांचा आहे. पण रुग्णवाहिका कोठे गेली, एवढेच हा नकाशा दाखवतो. माणूस तेथेच राहतो असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी कोणीतरी फोन करते. बंद दाराआड एकटा असलेल्यासाठी कोणी करत नाही. ओंटारिओतले बहुसंख्य ओपिऑइड मृत्यू खासगी घरांत झालेले आहेत. स्कारबरो आणि एटोबिकोकच्या उंच इमारती नकाशावर फिकट दिसतात, पण तेवढ्यावरून त्या सुरक्षित आहेत असे मानता येणार नाही. इमारतीच्या व्यवस्थापनातला माणूस म्हणून मला हे फिकटपण जास्त अस्वस्थ करते.

कॉलच्या आलेखातही असाच एक सापळा आहे. मित्राने मित्राला नॅलॉक्सोन दिले, तो उठून बसला आणि कोणीच 911 ला फोन केला नाही, तर तो प्रसंग आलेखात येतच नाही. देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याच्या केंद्रांत तेथील कर्मचाऱ्यांनीच ऑक्सिजन आणि औषध देऊन निभावून नेलेले प्रसंगही बहुतांशी रुग्णवाहिकेच्या हिशेबात येत नाहीत. शाळा आणि पाळणाघरांपासून 200 मीटरच्या आतली अशी केंद्रे बंद करण्याचा कायदा प्रांताने केला, आणि मार्च 2025 अखेर शहराचे 277 व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे केंद्रही त्यामुळे बंद झाले. त्यानंतर कॉलची संख्या वाढली तर त्याचा अर्थ ओव्हरडोस वाढले असा, किंवा पूर्वी आत निभावले जाणारे प्रसंग आता फुटपाथवर घडत आहेत असा, दोन्ही प्रकारे लावता येईल. ती घटली तरी त्याचे एकापेक्षा अधिक अर्थ होतील. दोन्ही बाजूंचे राजकारणी या आलेखातले हवे तेवढे तुकडे कापून नेतात, तो भाग वेगळा.

आणि येथे मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. नॅलॉक्सोन शहरात दोन वाटांनी येते: प्रांताच्या योजनेतून औषध दुकानांमार्फत, आणि सार्वजनिक आरोग्य विभागातून निवारागृहे, सामाजिक संस्था व रस्त्यावर काम करणाऱ्या गटांमार्फत. दुकानांच्या वाटेचा हिशेब प्रांताच्या देयकप्रणालीत राहतो आणि दुसऱ्या वाटेचा शहराकडे. दिलेले किट पुढे वापरले गेले का, कोठे वापरले गेले, एक मात्रा पुरली की दोन लागल्या, हे कळवणे नागरिकावर बंधनकारक नाही, आणि ते नसावेही, कारण तशी सक्ती केली तर लोक किट नेणेच सोडून देतील. पण मला हवा असलेला नकाशा सक्तीशिवायही करता येईल. कोणत्या भागात किती किट गेली हे ठाऊक आहे. कोणत्या भागात किती कॉल आले हेही ठाऊक आहे. हे दोन्ही एकावर एक ठेवले, की कॉल पुष्कळ पण किट थोडी अशा जागा, किंवा यादीत नाव असून वर्षभरात एकही किट न देणारी दुकाने, लगेच उठून दिसतील. एखादे किट मुदत संपेपर्यंत न वापरता पडून राहिले तर ते वाया गेले असे मी मानणार नाही. चुकीच्या भागातल्या कपाटात साचलेली किट मात्र वाया जातात. टोरांटो पब्लिक हेल्थला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही, आणि आतल्या आत असा अभ्यास होतही असेल. पण सामान्य वाचकाला तो एका पडद्यावर दिसत नाही.

पानाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संख्या अचानक वाढली, किंवा एखाद्या नव्या मिश्रणाने लागोपाठ माणसे पडू लागली, की आरोग्य विभाग इशारा काढतो आणि तो संस्थांपर्यंत झपाट्याने पोचतो. आमच्या भागातल्या निवारागृहात असा इशारा दारावर चिकटवलेला मी पाहिला आहे. त्यात पदार्थाचा रंग, आढळलेली द्रव्ये आणि ‘एकटे घेऊ नका’ ही सूचना होती, आणि खाली कोणीतरी पेनने जवळच्या किट देणाऱ्या दुकानाचा पत्ता लिहिला होता. छापील इशाऱ्यात तो पत्ता असायला हवा होता.

गुण द्यायचेच झाले तर पाचपैकी किटला साडेचार, दुकानांतल्या वाटपाला अडीच आणि माहितीच्या पानाला साडेतीन देईन. किटचा अर्धा गुण पत्रकासाठी कापला आहे.

ज्यांना किट आणायचे आहे त्यांच्यासाठी शेवटी काही व्यावहारिक गोष्टी. दुकानात ‘नेझल’ (नाकात फवारण्याचे) असे स्पष्ट सांगून मागा, आणि डबी तेथेच उघडून दोन्ही स्प्रेंवरची मुदत पाहून घ्या. मुदत संपत आली की त्याच योजनेतून नवे किट मिळते. डबी घरात साध्या तापमानाला, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही पण मोठ्यांना क्षणात सापडेल अशा जागी ठेवा. जानेवारीत ती गाडीच्या कप्प्यात विसरू नका, कारण टोरांटोच्या थंडीत आतला द्रव गोठू शकतो आणि गोठलेला स्प्रे फवारत नाही. पाठीच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी घरात कोणाला ऑक्सिकोडोन, हायड्रोमॉर्फोन किंवा मॉर्फिन लिहून दिले असेल, तर ती औषधे घ्यायला जाल त्याच फेरीत किटही मागून घ्या. आजी-आजोबांनी चुकून दोनदा घेतलेली गोळी हासुद्धा ओव्हरडोसच असतो.